एकाखाली एक

मुळे सर पेन वापरत नसत. शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली, दोन्हींना टोक केलेलं, आणि झिजून गोटीसारखा झालेला खोडरबर. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "पेनानं लिवलं की माणूस हट्टाला पेटतो. पेन्सिलीनं लिवलं की ऐकून घेतो." जिथं प्रत्येकाच्या पुढ्यात दोन-दोन स्क्रीन होते, तिथं हा पन्नाशीचा माणूस कानावर पेन्सिल अडकवून भिंतीसमोर उभा असायचा. नवखा कुणी आला तर त्याला वाटायचं, फर्निचरचं काम चाललंय.

मी त्या कंपनीत टेस्टर म्हणून लागले, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायची नोकरी. वडील वाळूजला कारखान्यात, घर बजाजनगरला. आमच्या गल्लीतून कॉम्प्युटरच्या नोकरीला लागलेली मी पहिलीच मुलगी. ऑफिस जालना रोडवर, फरशीच्या दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर. आम्ही सगळे मिळून बारा जण. मुळे सर आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. गाव फुलंब्रीकडचं, शेती भावाकडं. वाळूजच्याच एका कारखान्यात वीस वर्षं कुठल्या मशीनवर कुठला माल आधी घ्यायचा, हे ठरवायचं काम त्यांनी केलं होतं. तो विभाग दुसऱ्या राज्यात गेला आणि सर आमच्याकडं आले. प्रोग्रामिंग त्यांना येत नव्हतं आणि ते तसं सांगायचे. त्यांना एक गोष्ट यायची. दहा कामं समोर पडली की त्यातलं पहिलं कुठलं, हे त्यांना कळायचं.

सगळी कामं भिंतीवर कार्डांवर लिहिलेली असत. कॉम्प्युटरवरही तीच यादी होती, आणि तिथं कार्ड जरा हललं की ज्यानं लिहिलं त्याला आपोआप मेल जायचा. पण सरांचा जीव भिंतीवर. शिल्लक कामांच्या यादीला सगळं जग बॅकलॉग म्हणतं, सर 'तुंबा' म्हणायचे. दोन आठवड्यांच्या टप्प्याला 'पंधरवडा'. सकाळच्या उभ्यानं होणाऱ्या बैठकीत कुणी लांबण लावली की ते बोलायचे काहीच नाहीत. खिशातून शार्पनर काढून पेन्सिलीला टोक करायला लागायचे. त्या कुरकुर आवाजानं भलेभले आवरतं घ्यायचे.

पहिल्याच दिवशी मी दोन कार्डं शेजारी शेजारी चिकटवली. सर मागं येऊन उभे राहिले.

"ह्यातलं आधी कुठलं?"

"दोन्ही सारखीच महत्त्वाची आहेत, सर."

"सारखं काही नसतंय बाळा. शेजारी शेजारी लावलं की भांडण लागतं. एकाखाली एक लाव."

"पण ठरवायचं कसं?"

त्यांनी दोन्ही कार्डं काढून माझ्या हातात दिली. "एकच इचारायचं. हे नाय केलं तर सोमवारी कोण रडंल? ज्याचं रडणं खरं, ते वर."

मी पुढं बरीच पुस्तकं वाचली, प्रशिक्षणं केली. कामाचा क्रम लावण्याबद्दल याहून सरळ मला कुणी सांगितलेलं नाही.

ती दुष्काळाची वर्षं होती. धरण तळाला गेलेलं, नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, आणि शहर मात्र बीड बायपासच्या पलीकडं नुसतं सुटलेलं. कालपर्यंत ज्वारी होती तिथं आज गट नंबरची पाटी, उद्या चार मजले. त्या वसाहतींना नळच नव्हते. सगळी भिस्त टँकरवर. बोराडे नावाच्या एका खाजगी टँकरवाल्यानं आमच्याकडं काम दिलं होतं: लोकांनी मोबाइलवरून टँकर मागवायचा, आणि कुठला टँकर कुठं जाईल हे प्रोग्रामनं ठरवायचं.

बोराडे पहिल्या बैठकीला आले ते सतरा मागण्या घेऊन. पांढरा सदरा, हातात दोन फोन, दोन्ही वाजत. "मुळे साहेब, हे सगळंच पयलं हे. सगळंच अर्जंट."

सरांनी सतरा मागण्यांची सतरा कार्डं केली आणि गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला. "साहेब, सकाळी तुमच्याकडं धा टँकर उभे असतेत. फोन किती येतेत?"

"पन्नास. साठ. कितीबी."

"मंग पयला टँकर कुठं लावता?"

"ज्याच्याकडं मयत झालीय तिथं. मंग लग्नघर. मंग बाकीचे."

"व्हय ना? म्हंजे तुम्हाला येतंय की. तसंच हे लावा."

बोराडेंनी फोन उलटे करून ठेवले आणि पाऊण तास ती कार्डं मांडली, मोडली, पुन्हा मांडली. शेवटी तळाची पाच कार्डं त्यांनी स्वतःच फाडली. जाताना म्हणाले, "घरी बी बोलवावं लागतंय तुम्हाला." सर हसले नाहीत. कार्डं एकाखाली एक चिकटवत राहिले.

आमचा मुख्य प्रोग्रामर फैसल. वयानं माझ्याएवढाच, राहायला किराडपुऱ्यात, बोटं विजेसारखी. त्यानं एक नकाशा करायला घेतला होता. त्यावर टँकर खरोखर रस्त्यानं चालताना दिसायचे, छोटे निळे ठिपके. आम्ही सगळे त्या नकाशावर फिदा होतो. एका शनिवारी सर म्हणाले, चला, टँकर भरतात तिथं जाऊ. बायपासजवळच्या एका विहिरीवर आम्ही भर उन्हात दोन तास उभे राहिलो. सर ड्रायव्हरांशी बोलत होते, आम्ही सावली शोधत होतो. एका ड्रायव्हरनं सांगितलं, मागणी करणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका आहेत आणि त्यांच्याकडं साधे फोन आहेत. त्या फक्त मिस्ड कॉल देतात.

सोमवारी सरांनी नकाशाचं कार्ड खाली नेलं आणि मिस्ड कॉलवरून नोंद घ्यायचं कार्ड वर आणलं. फैसल तडकला. "सर, मेरेकू पाच दिन लगे उसमें! एकदम कडक झालाय तो."

"कडक झालाय बाबा, मी नाय कुठं म्हणलं. पण तुझा नकाशा नसला तर कोण रडंल?"

"मैं," फैसल म्हणाला.

सगळे हसले. सरांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला, त्याला खाली नेऊन चहा पाजला. परत आला तेव्हा तो मिस्ड कॉलचं काम करायला बसला. असं होतं सरांचं. ते तुमचं काम खाली ढकलायचे तेव्हाही तुम्हाला वर ठेवल्यासारखं वाटायचं.

माझ्या बाबतीत तर त्यांनी जास्तच केलं. टेस्टरला कुणी किंमत देत नाही. चुका काढणारी बाई कुणाला आवडते? प्रोग्रामर म्हणायचे, आमच्या मशीनवर तर चालतंय. सर म्हणायचे, "ती म्हणती चूक हे, म्हंजे हे. बघा आधी." चूक कशी लिहायची तेही त्यांनीच शिकवलं. पहिल्या ओळीत काय बिघडलं, दुसऱ्या ओळीत कुणाचं बिघडलं. दुसरी ओळ नसली तर कार्ड परत यायचं.

प्रोग्राम चालू व्हायला तीन आठवडे उरले असताना मला एक चूक सापडली. शहरात साईनगर दोन होती. एक बायपासच्या अलीकडं, जुनं. एक पलीकडं, नवीन. दोन्हीकडं प्लॉट नंबर एकपासून. जुन्या साईनगरच्या प्लॉट बाराची नोंद आधी झालेली असली की नव्या साईनगरच्या प्लॉट बाराची मागणी 'आधीच आलेली आहे' असं समजून प्रोग्राम गुपचूप पुसून टाकायचा. मागणाऱ्याला मात्र 'नोंद झाली' असा संदेश जायचा. मी कार्ड लिहिलं. दुसऱ्या ओळीत लिहिलं: नवं साईनगर, सगळं.

सरांनी ते दोनदा वाचलं. "हे लई वंगाळ हे," म्हणाले, आणि स्वतःच्या हातानं दुसऱ्या नंबरवर लावलं. मी निर्धास्त झाले. माझ्याकडं तपासायला अजून पुष्कळ होतं आणि रोज पन्नासेक मेल यायचे, मी ते उघडतही नव्हते. कार्ड सरांच्या हातात गेलं म्हणजे विषय संपला.

प्रोग्राम ठरल्या दिवशी चालू झाला. आमच्या कंपनीत पैसे घालू पाहणारे मोठे लोक पुण्याहून बघायला आले. भिंतीवर पडदा लावून त्यांना नकाशा दाखवला, निळे ठिपके चालले, टाळ्या झाल्या. हा नकाशा खालून वर कधी आला, असा प्रश्न त्या गडबडीत माझ्या मनात येऊन गेला असेल, नसेल. पेढे वाटले. सरांनी अर्धा पेढा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळून ठेवला.

दहाव्या दिवशी, सोमवारी, एक बाई तीन जिने चढून ऑफिसात आल्या. साठीच्या, पांढऱ्या काठाची सुती साडी, घामानं डबडबलेल्या. खरात बाई. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. बोराडेंच्या माणसानं त्यांना सांगितलं होतं, आमच्याकडं तुमची मागणीच नाही, कॉम्प्युटरवाल्यांना विचारा. म्हणून विचारत विचारत त्या आल्या होत्या. त्यांनी फोन पुढं केला. नऊ दिवसांच्या नऊ मागण्या. नऊ वेळा 'नोंद झाली'.

"मी खोटं बोलायले का, सांगा तुम्ही," त्या म्हणाल्या. "पेयाला इकडून तिकडून आणते मी. पण आमच्या मालकाला लकवा हे. अंथरुणातच सगळं होतं. रोज धुवावं लागतं." मग आवाज एकदम खाली आला, कारण समोर सगळी तरुण मुलं होती. "नऊ दिवस झाले. पाठ सोलली त्यांची. जनमभर लोकांच्या पाठी सांभाळल्या मी, अन् घरच्या माणसाची..."

सरांनी खुर्ची ओढून त्यांना बसवलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. "बसा ताई, आज टँकर यिल," म्हणाले आणि फोन करायला आपल्या जागेवर गेले. टँकर संध्याकाळी गेलाही. फैसलनं ती चूक त्याच दुपारी काढली. दीड तास लागला. फक्त दीड तास.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. बोराडे आणि आमच्या कंपनीचे मालक, शिवाय सर, फैसल आणि मी. बोराडे भयंकर चिडले होते. नव्या साईनगरच्या लोकांनी त्यांचा टँकर अडवून ड्रायव्हरला मारलं होतं. "मला एवढंच सांगा," ते म्हणाले, "हे कुणाला म्हाईत होतं का नव्हतं?"

मी सरांकडं पाहिलं. आता ते सांगतील, आपल्या पद्धतीनं, शांतपणे.

सर म्हणाले, "टेस्टिंगमधून हे आलंच नाय साहेब. आलं असतं तर मी खाली ठिवलं असतं का?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी म्हणाले, "सर, मी कार्ड..."

"बाळा," ते म्हणाले. इतक्या मायेनं म्हणाले. "तू लिहिते म्हणली होतीस. कामाच्या गर्दीत राहून गेलं. हुतं तसं."

आणि मला, देवाशपथ सांगते, खरंच वाटलं की माझंच राहून गेलं असेल. त्या माणसाच्या तोंडून आलं म्हणून. बोराडे मालकांना म्हणाले, ह्या पोरीला माझ्या कामावर ठेवू नका. मालकांनी मान हलवली.

जागेवर येऊन मी भिंत पाहिली. कार्ड नव्हतं. कॉम्प्युटरवरही नव्हतं. मग मी महिन्याभराचे न उघडलेले मेल उघडत गेले. एक सापडला: तुमचं कार्ड दुसऱ्या क्रमांकावरून एकविसाव्या क्रमांकावर हलवलं. हलवणारे, मुळे. नकाशा दुसऱ्या क्रमांकावर गेला तोच दिवस. नंतर अजून एक मेल: तुमचं कार्ड काढून टाकण्यात आलं आहे. हा सोमवारचा. मी वेळ पाहिली. खरात बाई तेव्हा आमच्याच ऑफिसात बसलेल्या होत्या. त्यांच्या हातात सरांच्या बाटलीतलं पाणी होतं.

फैसल माझ्या खांद्यावरून वाचत होता. "दिखा दे सबको. अब्बीच्या अब्बी. नक्को सोचू."

मी आधी सरांकडं गेले. ते जिन्यात होते, खाली निघाले होते. मी म्हणाले, "सर, मी लिहिलं होतं."

"म्हाईत हे मला."

एवढ्या सरळ उत्तराची माझी तयारी नव्हती. ते पायरीवर बसले. "मालकानं नकाशा वर घ्यायला लावला. पुण्याचे लोक यायचे होते. म्हणलं, पंधरा दिवसांचा तर प्रश्न हे, मंग लगेच करू. राहिलं." मग म्हणाले, "माधुरी, ह्या वयात मला इथून काढलं तर कोण उभं करंल? पोरगी अजून शिकायलीय. तू तरणी हाईस, हुशार हाईस. तुला कुठंबी जागा मिळंल. लोक दोन महिन्यात इसरतील."

"म्हणजे तुम्ही क्रम लावलात," मी म्हणाले. "मला खाली लावलंत."

खिशाकडं त्यांचा हात गेला, सवयीनं, आणि तसाच राहिला.

मी फोनवर मेल उघडून मालकांच्या खोलीत गेले. त्यांनी वाचला, फोन मला परत दिला. "मला माहिती आहे," ते म्हणाले. "मीच सांगितलं होतं नकाशा वर घ्यायला. पण बोराडेंना कुणाचं तरी नाव द्यायला लागतं ना? तुला दुसरं काम देतो. चांगलं काम देतो." ज्याच्याकडं दाद मागायला गेले, तो आधीच ते ठरवण्यात सामील होता.

तिथं मी अजून दोन महिने काढले. ज्या माणसाला सकाळी बघून दिवस सुरू व्हायचा, त्याच्याकडं पाठ करून बसायचे. ते मात्र रोज विचारायचे, "डबा आणला का?" कधी माझ्या टेबलावर पेरू ठेवायचे. मला तो पेरू भिरकावून द्यावासा वाटे, पण मी शेवटी तो फैसलला देऊन टाकायचे. चीड त्यांच्या खोट्यापेक्षा ह्याची होती की त्यांनी दिलेला पेरू गोडच असायचा.

जायच्या आधी एका रविवारी मी नव्या साईनगरला गेले. खरात बाईंच्या घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, नवऱ्याला घेऊन त्या लेकीकडं जालन्याला गेल्यात. कधी येणार? शेजारीण म्हणाली, "कशाला यील माय इथं?"

त्याला आता सात वर्षं होऊन गेली. शहराचं नाव बदललं, बायपासला पूल झाले, पाण्याची वाट बघणं तेवढं तसंच राहिलं. मी दुसऱ्या कंपनीत आहे. माझ्या हाताखाली नऊ जण आहेत. कामाचा क्रम मीच लावते. सरांनी शिकवलं तसाच लावते, कारण दुसरा मला येत नाही. कार्ड खाली नेलं की ज्यानं ते लिहिलं त्याच्याकडं स्वतः चालत जाऊन सांगते. एवढं एक माझं मी वाढवलंय.

गेल्या दिवाळीच्या आधी गुलमंडीवर गेले होते, आईला साडी घ्यायला. दुकानाच्या पायऱ्या उतरताना समोर मुळे सर. केस पूर्ण पांढरे, अंगानं उतरलेले, दोन्ही हातांत कापडाच्या पिशव्या. बरोबर त्यांच्या पत्नी. मी बाजूला होणार तेवढ्यात त्यांनी हाक मारली. "माधुरी! अगं, तूच ना?" चेहरा असा उजळला की माझे पाय थबकले.

पत्नीकडं वळून म्हणाले, "ही माधुरी. माझ्या हाताखाली तयार झालेली. अशी बारीक नजर मी दुसरी बघितली नाय."

"सांगत असतेत तुमच्याबद्दल," त्या बाई हसून म्हणाल्या.

"एकदाच चुकली बिचारी," सर म्हणाले. "एक कार्ड लिहायचं राहिलं हिचं. तो टँकरवाला लई तापला होता. मंग मी सांभाळून घेतलं."

सात वर्षं मी एक वाक्य तयार ठेवलं होतं. मनात शंभरदा बोललेलं. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथं कुठं तरी चोरटेपणा सापडेल, निदान एक विनंती सापडेल, की हिच्यासमोर बोलू नकोस. चुका शोधण्यात माझं आयुष्य गेलंय. तिथं काहीच नव्हतं. जिन्यातल्या त्या पायरीवर "म्हाईत हे मला" म्हणणारा माणूस कुठंच नव्हता. त्यानं तेही कार्ड काढून टाकलं होतं.

"सर," मी म्हणाले, "कार्ड लिहिलं होतं मी."

ते हसले. दोन्ही पिशव्या एका हातात घेतल्या आणि मोकळा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "असू दे गं बाळा. झालं ते झालं. माणूसच चुकतो. मी कवाच इसरलो ते."

त्यांनी मला माफ करून टाकलं होतं.

"घरी ये एकदा," म्हणून ते निघाले. पुढच्या चौकात वाट तुंबली होती. एक हातगाडी आडवी, दोन रिक्षा नाकाला नाक लावून, मागं स्कूटरवाले हॉर्न वाजवतायत, कुणीच कुणाला जागा देईना. सरांनी पिशव्या पत्नीकडं दिल्या आणि मध्ये जाऊन उभे राहिले. आरडाओरडा नाही, काही नाही. हातगाडीवाल्याला बोटानं दाखवलं, आधी तू. मग एक रिक्षा मागं घ्यायला लावली, दुसरी काढली, मग स्कूटरी एकेक करून. आणि सगळे त्यांचं ऐकत होते. दोन मिनिटांत चौक मोकळा झाला. एका म्हाताऱ्या बाईला त्यांनी हाताला धरून पलीकडं नेलं, पिशव्या परत घेतल्या, आणि कापडाच्या दुकानांच्या गर्दीत दिसेनासे झाले.